बुडीत खात्यातली वसुली



मी इंदूरचा. जन्म १९५१ चा, रामबागेतला. इंदुरात आमची ही चौथी पिढी. बी.कॉम. करून १९७३ साली बँकेत लागलो आणि २०११ मध्ये अधिकारी म्हणून निवृत्त झालो. लेखक वगैरे नाही. उभी हयात आकडेमोडीत गेली, त्यामुळे हिशेबाची भाषा मध्ये मध्ये येईल, सांभाळून घ्या. आज लिहितोय क्रिकेटबद्दल. म्हणजे तसं क्रिकेटबद्दल, आणि तसं अण्णांबद्दल.

अण्णा म्हणजे माझे वडील. होळकर दरबारच्या एका कचेरीत कारकून होते. १९४५-४६ साली त्यांचं वय असेल २२-२३. त्या हंगामात होळकर टीमनं यशवंत क्लबच्या मैदानावर म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या. एकाच डावात सहा जणांची शतकं! अण्णा ती मॅच बघायला रजा टाकून गेले होते. पुढे ५०-५५ वर्षं आम्ही ती मॅच रात्रीच्या जेवणात ऐकली. सरवटे कसे खेळले, जगदाळे कसे खेळले, निंबाळकर कसे, आणि पन्नाशीला आलेले कर्नल सी. के. नायडू मैदानात उतरले की ओळीनं बसलेले लोक कसे सावरून बसायचे. आईला तर सगळं पाठ झालं होतं. अण्णा घास तोंडात घेऊन थांबले की पुढचं वाक्य ती पूर्ण करायची.

अण्णा होळकर टीमला नेहमी 'आपण' म्हणायचे. "आपण मुंबईला हरवलं." "आपण बंगालला हरवलं." ही 'आपण' १९४४-४५ ते १९५४-५५ या ११ हंगामांत दहा वेळा रणजीच्या फायनलला गेली. चार वेळा जिंकली: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. मी बँकेत लागल्यावर एकदा त्यांना म्हटलं, "अण्णा, दहातून चार वजा केले तर सहा उरतात. सहा वेळा आपण हरलोय. ते तुम्ही कधीच सांगत नाही."

अण्णा म्हणाले, "अरे, हरलो म्हणजे काय? पुढच्या वर्षी परत फायनलला होतोच ना!"

तेव्हा हे उत्तर मला टाळाटाळीचं वाटलं. त्याचा अर्थ कळायला मला सत्तरी ओलांडावी लागली.

१९५४-५५ नंतर होळकर टीम राहिली नाही. संस्थान आधीच विलीन झालं होतं. १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला आणि मग टीमही मध्य प्रदेशची झाली. माझ्या पिढीला वाट्याला आली ती ही टीम. आम्ही मुश्ताक अली साहेबांना रस्त्यानं जाताना बघितलं, त्यांच्या षटकारांच्या गोष्टी ऐकल्या, पण खेळ पाहिला तो त्यांच्यानंतरचा. रणजी म्हणजे मध्य विभागातून पुढे सरकायची मारामार. सकाळी पोहे-जलेबी खाताना पेपर उघडायचा, कोपऱ्यातला स्कोअर बघायचा आणि घडी घालून ठेवायचा. १९८८ साली नरेंद्र हिरवाणीनं मद्रासला पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडीजचे १६ बळी घेतले तेव्हा सगळं शहर वेडं झालं होतं. पण तो भारताचा आनंद. टीमचा म्हणावा असा आनंद काही आमच्या खात्यावर जमा झाला नाही.

उलट वजावटच झाली. २५ डिसेंबर १९९७ ला भारत-श्रीलंका एकदिवसीय सामना इंदुरात होता. मी मुलाला घेऊन गेलो होतो, पिशवीत पराठे आणि लिंबाचं लोणचं. तीन षटकं झाली आणि खेळपट्टी धोकादायक म्हणून मॅच रद्द. पराठे आम्ही घरी ओटल्यावर बसून खाल्ले. जिथं एका डावात ९१२ धावा झाल्या, त्या गावात तीन षटकं धड होईनात. अण्णा त्या दिवशी काही बोलले नाहीत. नुसता एक पराठा मागून घेतला.

आणि मग आलं १९९९.

चंद्रकांत पंडित आमचा कॅप्टन होता. मूळ मुंबईचा, आचरेकर सरांच्या तालमीतला. त्याच्या हाताखाली टीम फायनलला पोचली. बंगळूरला कर्नाटकशी गाठ. अण्णा ७६ वर्षांचे. त्यांची एक खर्चाची वही असायची, लाल कापडी पुठ्ठ्याची. दूध, किराणा, औषधं, लग्नातला आहेर, सगळं रोजच्या रोज त्यात. पहिल्या डावात आपण ७५ धावांची आघाडी घेतली त्या रात्री त्यांनी वहीत एक ओळ लिहिली. मी मागून वाचली. 'रणजी करंडक – येणे.'

रणजीचा नियम तुम्हाला माहीत असेलच. फायनल अनिर्णित राहिली तर पहिल्या डावात आघाडी घेणारा जिंकतो. म्हणजे शेवटच्या दिवशी आम्हाला जिंकायचीसुद्धा गरज नव्हती. २४७ चं लक्ष्य होतं, पण नुसतं उभं राहिलं तरी पुरे होतं. मी त्या दिवशी ब्रँचमध्ये होतो. आमच्या बँकेच्या बंगळूर शाखेत एक ओळखीचे अधिकारी होते, त्यांना दर तासाला काही ना काही कामाचं निमित्त काढून फोन लावत होतो. शेवटी शेवटी तेच बिचारे म्हणाले, "साहब, अब मत पूछिए."

विजय भारद्वाजच्या फिरकीपुढे सगळे कोसळले. १५० ऑल आउट. ९६ धावांनी हरलो.

घरी आलो तर अण्णा ओटल्यावरच बसले होते. त्यांना कळलं होतं. मी बूट काढता काढता म्हटलं, "अण्णा, सोडा आता. हे आपल्या नशिबात नाही." ते म्हणाले, "जेवून घे." बस, एवढंच.

२००३ मध्ये अण्णा गेले.

आता थोडं बँकेचं सांगतो. १९९२ नंतर बँकांत नवे नियम आले. हप्ता थकला की खातं एनपीए. आधी सबस्टँडर्ड, मग डाउटफुल, मग लॉस. शेवटी ते राइट ऑफ करायचं, म्हणजे ताळेबंदातून काढून टाकायचं. मी १९९९ मध्ये तेच केलं. मध्य प्रदेशचं क्रिकेट हे खातं राइट ऑफ केलं. मुलगा शिकायला पुण्याला गेला, मग तिकडेच स्थायिक झाला. माझी निवृत्ती झाली. आयपीएल आलं. घरी टीव्हीवर मॅच चालू असायची, पण रणजीचं पान मी उघडत नसे. कुणी विषय काढलाच तर मी आपला होळकरांच्या ९१२ वर यायचो. जुन्या ठेवीच्या व्याजावर जगणाऱ्या माणसासारखं झालं होतं माझं.

त्याच काळात आम्ही रामबागेतलं घर सोडून फ्लॅटमध्ये आलो. सामान आवरताना वह्यांचे गठ्ठे रद्दीत दिले. त्यात अण्णांची लाल वहीही गेली. मुद्दाम नाही दिली, पण बघूनही दिली नाही. चूक माझीच.

मग २०२० मध्ये चंद्रकांत पंडित पुन्हा इकडे आले, या वेळी कोच म्हणून. मधल्या काळात त्यांनी कोच म्हणून मुंबईला रणजी जिंकून दिली होती, आणि ज्या विदर्भाकडे कुणी बघत नव्हतं त्या विदर्भाला लागोपाठ दोनदा, २०१७-१८ आणि २०१८-१९ मध्ये. नागपूरच्या माझ्या आत्तेभावाचा तेव्हा फोन आला होता, "अरे, आमच्याकडं झालं, तुमच्याकडंही होईल." मी म्हटलं, "तुमचं खातं नवं होतं. आमचं बुडालेलं आहे."

जून २०२२. सेमीफायनलला बंगालला हरवून मध्य प्रदेश फायनलला. समोर कोण? मुंबई. ४१ वेळा जिंकलेली मुंबई. आणि मैदान कोणतं? तेच, बंगळूरचं.

हिचं माहेर दादरचं. मेव्हण्यांचा फोन आला. "काय भावोजी, उद्यापासून कुणाकडून?" मी म्हटलं, "म्हणजे काय? मध्य प्रदेशाकडून." ते हसले. "अहो, टीमची आडनावं तरी बघा! आमच्याकडं कुलकर्णी, देशपांडे, परकर, तामोरे. तुमच्याकडं दुबे, शर्मा, पाटीदार, श्रीवास्तव. आपली माणसं कुठली?"

थट्टाच होती ती. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ विचार करत बसलो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, कुठंही राहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो. पुण्या-मुंबईत गेलो की आमची मराठी ऐकून लोक विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" इंदूरचा, म्हटलं की म्हणतात, "नाही हो, मूळचे?" आणि इथं इंदुरात सत्तर वर्षं राहून एखादा म्हणतोच, "आप लोग तो महाराष्ट्र वाले हैं।" दोन्हीकडे हिशेब जुळत नाही.

मग मला अण्णांची 'आपण' आठवली. त्या टीममध्ये कोण होतं? नायडू नागपूरचे, घरची भाषा तेलुगू. मुश्ताक अली इंदूरचे मुसलमान. निंबाळकर कोल्हापूरचे. १९४४-४५ च्या फायनलला तर चक्क डेनिस कॉम्प्टन खेळला होता, युद्धामुळे महूच्या छावणीत नेमणूक होती म्हणून, आणि मुंबईविरुद्ध नाबाद २४९ केल्या होत्या. अण्णांच्या 'आपण'मध्ये हे सगळे बसत होते. एक इंग्रज सोल्जरसुद्धा! आडनाव त्यांनी कधी बघितलं नाही. जो आपल्या मैदानातून खेळायला गेला, तो आपला.

मी मेव्हण्यांना परत फोन लावला आणि म्हटलं, "मी पगार इथं घेतला, अण्णांना अग्नी इथं दिला, मीही इथंच जाणार. पाटीदार माझा आहे. आणि हो, आमचा कोच पंडित आहे, आडनावच मोजायचं तर तेही धरा!" ते म्हणाले, "बरं बाबा, चिडू नका." ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, माझ्या भावाशी जरा बेतानं." पण तीही हसत होती.

नातू तेव्हा अकरा वर्षांचा, सुट्टीत पुण्याहून आला होता. त्यानं मोबाइलवर मॅच लावून दिली. मी आपलं म्हटलं, लाव, मी पेपर वाचतो. मुंबईच्या ३७४. सरफराज खानच्या १३४. झालं, म्हटलं, ठरल्याप्रमाणे. मग आपले खेळायला लागले. यश दुबे १३३. शुभम शर्मा ११६. मी पेपर खाली ठेवला. रजत पाटीदार १२२. तो तर इंदूरचाच. चौथ्या दिवशी आपण ३७४ च्या पुढे गेलो, थेट ५३६ पर्यंत. १६२ ची आघाडी. नातू उड्या मारायला लागला, "आजोबा, जिंकलो! आता ड्रॉ झाली तरी आपणच!"

तो 'आपण' म्हणाला. पुण्यात जन्मलेला पोरगा.

पण माझ्या पोटात गोळा आला. हेच वाक्य १९९९ मध्ये मी बोललो होतो. आघाडी तेव्हाही होती. शेवटचा दिवस तेव्हाही होता. मैदान तेच. त्या रात्री मला झोप नाही. पोराला सगळं सांगावं असं वाटलं, पण सांगितलं नाही. त्याच्या वहीत मागची बाकी नव्हती. माझी बाकी त्याच्या पानावर कशाला ओढायची?

२६ जून, रविवार. मुंबईला घाई करणं भाग होतं, ते फटके मारत सुटले आणि बाद होत गेले. कुमार कार्तिकेयनं चार घेतले. या पोराबद्दल मी वाचलं होतं, क्रिकेटसाठी घर सोडलं तो नऊ वर्षं घरी गेला नव्हता. मुंबई २६९ ऑल आउट. आता १०८ हव्या होत्या. एवढ्याशा धावा, पण चार बळी गेले आणि प्रत्येक बळीला मी मनातल्या मनात तो फोन ऐकत होतो, "साहब, अब मत पूछिए." शेवटची धाव पाटीदारनं काढली. सहा गडी राखून जिंकलो.

टीव्हीवर पंडित दिसले. रडत होते. पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. २३ वर्षांपूर्वी याच मैदानावर कॅप्टन म्हणून हरलेला माणूस. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मी काही रडलो नाही. पण हिनं न विचारता चहा आणून ठेवला आणि शेजारी बसली. मग म्हणाली, "मामंजी असते तर परत ९१२ पासून सुरू केलं असतं." तेव्हा मात्र चष्मा काढावा लागला.

त्या संध्याकाळी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बँकेत राइट ऑफ करणं म्हणजे कर्ज माफ करणं नव्हे. लोकांना हे समजत नाही. ताळेबंदातून आकडा जातो, पण खातं वेगळ्या रजिस्टरात राहतं आणि वसुलीचा पाठपुरावा चालू राहतो. दहा-पंधरा वर्षांनी असे पैसे आले की ते सरळ नफ्यात जमा होतात. ब्रँचमध्ये अशी एखादी वसुली आली की आम्ही समोसे मागवायचो. मी खातं काढून टाकलं होतं आणि वर पाठपुरावाही सोडला होता. पण कुणीतरी तो करत होतं. कुठल्या कुठल्या गावांतल्या मैदानांवर मुलं घडवणारे कोच, रीवा-शहडोलकडची पोरं, जगदाळ्यांसारखी घराणी, ज्यांतले वडील होळकरांकडून खेळले आणि मुलगा संजय मध्य प्रदेशकडून खेळून पुढे क्रिकेटच्याच कारभारात राहिला. मी घरी बसून ९१२ चं व्याज खात होतो तेव्हा ही मंडळी वसुलीला हिंडत होती.

आणि अण्णा? १९९९ च्या त्या हरलेल्या रात्रीनंतरही मी ती लाल वही पाहिली होती. 'रणजी करंडक – येणे' ही ओळ तशीच होती. त्यांच्या पद्धतीत येणं बुडालं की ते त्यावर तिरपी रेघ ओढायचे आणि बाजूला 'बुडीत' लिहायचे. त्या ओळीवर रेघ नव्हती. मला वाटलं होतं, राहून गेली असेल. पण एका पैशाचा हिशेब न सोडणाऱ्या माणसाकडून रेघ राहून कशी जाईल? खातं बुडीत मी धरलं होतं. त्यांनी नाही.

वही नाही म्हणून त्या रात्री मी बँकेच्या जुन्या डायरीत लिहिलं: '२६-६-२०२२. रणजी करंडक – येणे जमा. हस्ते रजत पाटीदार.' नातवानं विचारलं, हे काय? मग मात्र त्याला सगळं सांगितलं. ९१२ पासून. तो मध्येच झोपला.

जिंकल्याची गोष्ट इथं संपते. पण खरी गोष्ट पुढे आहे म्हणून एवढं लिहिलं.

त्यानंतर काय झालं? पुढच्या दोन्ही हंगामांत सेमीफायनलला हरलो, एकदा बंगालकडून, एकदा विदर्भाकडून. डिसेंबर २०२४ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेची फायनल. स्पर्धेला नाव आमच्या मुश्ताक साहेबांचं, मैदान बंगळूरचंच, समोर मुंबईच, आपला कॅप्टन पाटीदार. तो नाबाद ८१ खेळला आणि तरी आपण हरलो. मेव्हण्यांचा फोन आला, "भावोजी, हिशेब फिटला!"

मी फोनवर काय बोलतोय ते माझं मलाच ऐकू आलं. "अहो, फिटला कसला? पुढच्या वर्षी परत फायनलला येतोच की!"

फोन ठेवला आणि तसाच उभा राहिलो. हे वाक्य माझं नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वी ज्याला मी टाळाटाळ समजलो होतो, तेच हे. आशा परत आली की नाही, ते जिंकल्यावर कळत नाही. जिंकल्यावर कुणीही आशावादी होतो. हरल्यावर तोंडातून पहिलं वाक्य काय निघतं, त्यावरून कळतं. १९९९ मध्ये मी म्हटलं होतं, नशिबात नाही. २०२४ मध्ये म्हटलं, पुढच्या वर्षी. मधल्या २५ वर्षांत माझ्या खात्यावर झालेली ही एवढीच खरी जमा.

२०२५ च्या जूनमध्ये याच पाटीदारनं कॅप्टन म्हणून बंगळूरला १८ वर्षांनी पहिली आयपीएल जिंकून दिली. नातवाचा पुण्याहून रात्री व्हिडिओ कॉल. तिकडच्या लोकांचे आनंदाचे चेहरे दाखवत होता. मी म्हटलं, ओळखतो मी हे चेहरे.

तर मंडळी, तुमच्या घरी कुणाच्या आजोबांची, वडिलांची अशी एखादी वही असेल, तर घर बदलताना रद्दीत देऊ नका. आधी उघडून बघा. एखादं येणं अजून बाकी असेल.